मार्थाबाईंचा न संपणारा ब्लाउज

साक्रीच्या बाजारपेठेत माझं लेडीज टेलरचं दुकान आहे. माझ्या हातचा ब्लाउज दुरुस्तीला परत आला असं सांगणारी बाई या गावात सापडणार नाही. एक सोडून. त्या म्हणजे मार्थाबाई. त्यांचा ब्लाउज एकदा परत आला, मग पुन्हा आला, मग दर बाजाराला येतच राहिला. गल्लीभर चर्चा झाली. समोर नानांचं जेंट्स टेलरचं दुकान आहे. ते तर खुर्ची उंबऱ्यावर ओढून बसायचे, आज काय उसवतंय ते बघायला. मी तेव्हा तोंड मिटून सगळं ऐकून घेतलं. तोंड मिटणं हा माझा स्वभाव नाही, त्यामुळे त्या दिवसांत माझं वजनसुद्धा उतरलं. आता सांगायला हरकत नाही, म्हणून सांगते.

आधी धंद्याचं थोडं. पँट चुकली तर माणूस पट्टा आवळतो आणि कामाला जातो. सदरा चुकला तर बाह्या वर दुमडतो. ब्लाउज चुकला तर बाईला काहीच करता येत नाही. हात वर केला की काखेत ओढतो, खाली केला की गळा उघडा पडतो. बाही जिथं खांद्याला जोडतात त्या गोलाईला मुंढा म्हणतात, आणि ब्लाउजचं सगळं बरंवाईट त्या मुंढ्यात असतं. शिवणीच्या आत आम्ही थोडं जादा कापड सोडून ठेवतो. बाई अंगानं भरली की तेवढी शिवण उसवून ब्लाउज सैल करता येतो. हे सगळं मला माझ्या आईनं अमळनेरला शिकवलं. साक्रीला मी लग्न होऊन आले, मशीन घेऊनच आले.

साक्रीच्या आसपास डोंगराकडच्या गावांत ख्रिस्ती घरं पुष्कळ. जुन्या मिशनच्या चर्चच्या बायका पहिल्यापासून माझं गिऱ्हाईक. नाताळ आला की त्यांना मोरपिशी हवा, राणी कलर हवा, बाहीला लेस हवी. त्यांच्या फराळाची ताटं माझ्याकडे येत, माझी त्यांच्याकडे जात. पण मी सांगतेय ती मंडळी वेगळी. ती अलीकडची. गावाबाहेर त्यांचं मोठं आवार, त्यात प्रार्थनेचा हॉल, मुलांचं वसतिगृह आणि कामाच्या माणसांच्या खोल्या. त्या मंडळीचं, म्हणजे त्यांच्या चर्चचं, नाव मी लिहीत नाही. तिच्या प्रमुखांना सगळे पास्टर पप्पा म्हणत आणि त्यांच्या बायकोला मम्मी. पप्पा चांगले उंचेपुरे, आवाज असा की माइक बंद पडला तरी फरक पडू नये. कोणी कधी उठायचं, कोणाशी लग्न करायचं, कोणत्या रंगाचं नेसायचं, सगळं पप्पा ठरवत.

त्यांच्या देवाशी माझं भांडण नव्हतं, आजही नाही. त्या मंडळीतल्या बायका आजाऱ्याच्या उशाशी दिवस दिवस बसत, कोणाच्याही जातीचा असो. आमच्या सासूबाई अंथरुणाला होत्या तेव्हा त्या बायका आमच्याकडेही येऊन बसल्या आहेत. त्यामुळे बायकांविषयी माझ्या मनात वाकडं काही नाही. पप्पांविषयी विचाराल तर मी पुढे बोलते.

एका दुपारी दुकानात यशवंतभाऊ आले. त्यांच्या मंडळीत देखरेख करणाऱ्या पुरुषांना वडील म्हणतात. यशवंतभाऊ तेव्हा चाळिशीचेही नव्हते, पण वडील होते. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटण लावलेलं. त्यांनी पाटी वाचली, मला बघितलं आणि विचारलं, "शिवणारं बाईमाणूसच आहे ना?"

"घरचे तरी तसंच समजतात," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. "आमच्या बहिणींचं माप पुरुषानं घ्यायचं नाही असं ठरलंय. यापुढे सगळे ब्लाउज तुमच्याकडे."

एका वाक्यात माझं दुकान भरलं. समोर नाना ऐकत होते. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं, कारण पाटी जेंट्स टेलरची असली तरी तोवर त्या मंडळीचे निम्मे ब्लाउज त्यांच्याकडे जायचे.

"नियम ऐका," यशवंतभाऊ म्हणाले. "रंग पांढरा. गळा हाडाला लागून. पाठ पूर्ण बंद. बाही कोपराच्या खाली चार बोटं."

"कोणाची?"

"काय कोणाची?"

"बोटं. माझी धरू, तुमची धरू, की जिचा ब्लाउज तिची?"

यशवंतभाऊंनी स्वतःचा पंजा वर करून बघितला. मग माझ्या पंजाकडे बघितलं. ते खरोखर विचारात पडले. "विचारून सांगतो," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी ते पुठ्ठ्याची पट्टी घेऊन आले. पप्पांनी स्वतःची चार बोटं पुठ्ठ्यावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवली होती, आणि ते कापून पाठवलं होतं. पप्पांचा पंजा म्हणजे फौजदाराचा पंजा. ती पट्टी लावली की ठेंगण्या बाईची बाही थेट मनगटावर यायची. उंच पोरगी मात्र त्याच पट्टीत मोकळी सुटायची. दोघींचा देव एक, पट्टी एक, पण वैशाखातला उकाडा एकीला जास्त आणि एकीला कमी. मी हे यशवंतभाऊंना समजावून सांगायला गेले. ते म्हणाले, "पट्टी सगळ्यांना सारखीच आहे, अक्का. यात अन्याय कसला?"

मग आरशावर आले. कपडे घालून बघायच्या खोलीतला आरसा काढा, त्यानं गर्व वाढतो, असा निरोप आला. आरसा भिंतीत बसवलेला, काढायचा कसा? मी त्यावर जुनी चादर टांगली. महिन्याभरात त्या चादरीचा खालचा उजवा कोपरा हात लागून लागून काळा पडला. मी चादर धुतली, पुन्हा टांगली, कोणाला काही विचारलं नाही.

एक नवरी आली होती, अगदी लहानखुरी. माप देऊन झाल्यावर जाता जाता थांबली. "अक्का, मानेच्या मागच्या पट्टीला, आतल्या बाजूनं, लाल रेशमाचं एक फूल काढाल?"

"आतून? दिसणार कोणाला?"

"मला माहीत असेल ना."

काढलं. मग कुजबुज झाली असावी, कारण पुढच्या महिन्यात तशा बऱ्याच जणी आल्या. बाहेरून सगळ्या एकसारख्या पांढऱ्या, आणि आतून कोणाला फूल, कोणाला वेल. एकीनं पोपट मागितला. मला पोपट येत नाहीत. तो कोंबडीसारखा झाला. तिनं बघितला, थोडा वेळ मान तिरपी करून विचार केला आणि म्हणाली, "चालेल, माझी कोंबडी."

इथवर मला ही सगळी गंमत वाटत होती. गिऱ्हाईक भरपूर, किस्से फुकट. मग मला शिस्त म्हणजे काय ते कळलं.

त्या मंडळीत कोणी नियम मोडला की त्याला भर उपासनेत उभं करत. सगळ्यांदेखत माफी मागायची. मागितली नाही, तर पप्पा त्या माणसाला शिस्तीखाली ठेवत. शिस्तीखाली म्हणजे त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, त्याच्याबरोबर जेवायचं नाही, घरच्यांनीसुद्धा. जो बोलेल तोही शिस्तीखाली.

मार्थाबाई तिथल्या वसतिगृहात स्वयंपाक करत. नवरा कधीच गेला होता. आवारात एक खोली होती, त्यातच त्यांनी एकुलती पोरगी वाढवली. ही शर्मिला. ती नर्स झाली, धुळ्याला एका खासगी दवाखान्यात लागली. बरोबरच्या मुलीच्या लग्नात तिनं मेंदी काढली आणि फोटो फोनवर स्टेटसला ठेवला. आवारातल्या कोणीतरी तो पप्पांना दाखवला. पुढच्या रविवारी तिला उभं केलं, माफी माग म्हणाले. ती म्हणाली, "मागते, पण कोणाची? मेंदीची, की जिच्या लग्नाला गेले तिची?"

झालं. शर्मिला शिस्तीखाली गेली. मार्थाबाईंना सांगण्यात आलं की पोरीशी एक शब्द बोललात तर खोली खाली करावी लागेल. त्या बाईला दुसरं घर नव्हतं. पोरगी धुळ्यात चौघींच्या खोलीत राहायची, तिथं आईला नेणार कुठं? आणि वसतिगृहातली मुलं मार्थाबाईंना मावशी म्हणत, त्या मुलांवर मार्थाबाईंचा जीव. त्या गप्प बसल्या.

तेव्हा पावसाळा सरला होता आणि मंडळीच्या नाताळानंतरच्या मेळाव्याची तयारी सुरू झाली होती. सगळ्या बहिणींना नवे ब्लाउज शिवायचे होते. आवाराबाहेर पडायला बायकांना परवानगी लागे, कारण सांगावं लागे. भाजीपाला टेम्पोनं आत यायचा. त्यामुळे माझं दुकान हे बाहेर येण्याचं मोठं मानाचं कारण. मार्थाबाई बाजाराच्या दिवशी ब्लाउज न्यायला येणार होत्या. हे शर्मिलाला कुठून कळलं कोण जाणे, पण सकाळच्या एसटीनं ती धुळ्याहून आली आणि माझ्या बाकावर बसून राहिली.

मार्थाबाई आल्या. पोरीला बघितलं. क्षणभर पाय अडखळला, मग त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. शर्मिला मान खाली घालून बसली. माझं मशीन थांबलं.

मग मार्थाबाई भिंतीलाच म्हणाल्या, "अक्का."

"बोला."

"तिले इचारा, जेवनी का."

दोघींत हातभराचं अंतर नव्हतं. मी शर्मिलाकडे वळले. "आई विचारतेय, जेवलीस का."

"सांगा, स्टँडवर वडापाव खाल्ला."

"वडापाव खाल्ला म्हणे."

"तिले सांगा, वडापाव म्हंजे जेवण नही."

"वडापाव म्हणजे जेवण नाही म्हणे."

"आईला विचारा, गुडघा कसा आहे."

"सांगा, शे तठेच शे."

हे मी भाषांतर न करता, अहिराणीतच पोहोचवलं. गुडघा आहे तिथंच आहे. पोरसोराची गोष्ट वाटेल, पण मार्थाबाईंनी नीट विचार केला होता. पोरीशी बोलायचं नाही असा हुकूम होता. टेलरशी बोलायचं नाही असा नव्हता. त्या माझ्याशी बोलत होत्या. पप्पांच्या पट्टीत त्या बरोबर मावल्या होत्या.

असा माझा टपाल खात्याचा कारभार चालू होता. शेजारणीची गाय, खोलीचं भाडं, दवाखान्यातली मोठी डॉक्टरीण, सगळं माझ्या तोंडून गेलं. मग शर्मिला म्हणाली, "आईला सांगा, माझं लग्न ठरलंय."

मी तोंड उघडलं, पण तोवर मार्थाबाई गर्रकन वळल्या. "कोनासंगे?"

थेट पोरीलाच विचारलं. विचारून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि दुकानाबाहेर बघितलं. बाहेर बाजार भरला होता, आवारातलं कोणीही जात असेल. मी उठले, दोघींना धरून आतल्या खोलीत ढकललं आणि पडदा ओढला. आमच्या मागच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे. ती चालू असली की आतलं बोलणं बाहेर येत नाही. त्या दिवशी गिरणीवाल्याकडे भरपूर दळण होतं.

बाहेर आल्या तेव्हा दोघींचे डोळे लाल होते आणि मार्थाबाईंना सगळं कळलं होतं. मुलगा धुळ्याचाच, जुन्या मिशनच्या चर्चमधला, लॅबमध्ये रक्त तपासतो. नाताळाआधी लग्न. शर्मिलाचं एकच म्हणणं होतं, आई लग्नाला हवी. आई नसली तर तिला लग्नच नको होतं. मार्थाबाई हो म्हणेनात, नाहीही म्हणेनात.

"मी पुन्हा कशी येऊ?" एवढंच त्या म्हणाल्या. "ब्लाउज तर झाला."

ब्लाउज टेबलावर होता. झकास झाला होता, मुंढा अंगठीसारखा गोल. मी त्याच्याकडे एकदा डोळे भरून बघितलं. मग ब्लेड घेतली आणि अख्खा मुंढा उसवला.

"बिघडलाय," मी म्हटलं. "पुढच्या बाजाराला या."

इथून माझ्या बदनामीला सुरुवात झाली. नीट शिवायला मला डोकं लागत नाही, हात आपोआप चालतो. वाईट शिवायला फार विचार करावा लागतो. चूक अशी हवी की लांबून दिसेल, आवारातल्या बायकांना पटेल, पण कापड वाया जाणार नाही. एका बाजाराला एक बाही कोपरावर आणि दुसरी मनगटावर. दुसऱ्या बाजाराला गळा असा की डोकंच जाईना. तिसऱ्याला मी हुक उलटे लावले. मार्थाबाई तो ब्लाउज आवारात नेऊन सगळ्यांना दाखवत आणि कपाळाला हात लावत. पुढे त्यांना त्यात रस यायला लागला. "ये खेपले पाठ बिघाडा," त्या मला सुचवायच्या. दर बाजाराला शर्मिला धुळ्याहून यायची, गिरणी चालायची, आणि पडद्यामागून कधीमधी हसणं ऐकू यायचं.

नाना हे सगळं बघत होते. त्यांना खरं कारण माहीत नव्हतं. एकदा भर गिऱ्हाइकांत त्यांनी समोरून आवाज दिला, "अक्का, तो ब्लाउज शे का सरकारी कालवा? पुरा व्हतच नही."

गल्ली हसली. मी मान खाली घालून मशीन चालवलं. मला नानांच्या टेरिकॉटच्या पँटींविषयी पुष्कळ बोलता आलं असतं.

मग यशवंतभाऊ आले. "मार्थाबाईंचं काम आम्ही दोंडाईचाला देऊ म्हणतो. तिथं आमची एक बहीण शिवते."

दोंडाईचाला ब्लाउज गेला की सगळंच संपलं. "भाऊ, माझ्या हातून बिघडला तर मीच नीट करणार. धंद्याचा नियम आहे," मी म्हटलं. असा नियम धंद्यात नाही. पण नियम म्हटलं की यशवंतभाऊ मऊ पडायचे.

"एवढी वर्षं शिवताय, आणि एक मुंढा जमेना?"

"नाही जमत," मी म्हटलं. हे दोन शब्द उच्चारायला मला किती कष्ट पडले ते फक्त टेलरला कळेल.

ते गेले, आणि पुढच्या बाजाराला मम्मी स्वतः आल्या.

मम्मींना मी कधी जवळून बघितलं नव्हतं. त्यांचे ब्लाउज यशवंतभाऊ आणायचे आणि न्यायचे. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या बाई. मार्थाबाई आणि शर्मिला तेव्हा आतच होत्या. गिरणी चालू होती. मम्मींनी टेबलावरचा तो ब्लाउज उचलला, उलटा केला आणि उजेडाकडे धरला.

सुई कापडातून गेली की भोक राहतं. शिवण उसवली तरी भोक जात नाही. त्या मुंढ्याभोवती भोकांच्या रांगाच रांगा होत्या, चाळणी झाली होती. मम्मींनी सगळ्या रांगा बघितल्या.

"माझे वडील अमळनेरला शिवायचे," त्या म्हणाल्या. "हा बिघडलेला नाही, अक्का. हा बिघडवलाय."

नेमकी तेव्हा गिरणी बंद पडली, आणि पडद्यामागून शर्मिलाचा आवाज स्पष्ट आला, "आई, तू फक्त ये. बाकी मला काही नको."

मम्मींनी ब्लाउज खाली ठेवला. मला वाटलं, आता मार्थाबाईंची खोली गेली. मम्मी पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी मुलगी पुण्याला असते. तीही शिस्तीखाली आहे. नाताळाला येत नाही." एवढं बोलून त्यांनी माझं स्टूल ओढलं आणि दुकानाच्या दारातच बसल्या, रस्त्याकडे तोंड करून.

पाचच मिनिटांत यशवंतभाऊ आले. "झालं का, मम्मी? मार्थाबाई कुठे आहेत?"

"बहिणी आत माप देतायत," मम्मी म्हणाल्या. "तुम्ही बाहेर थांबा. पुरुषानं आत यायचं नाही, पप्पांचा नियम आहे."

यशवंतभाऊ लगेच चार पावलं मागे सरकले आणि नानांच्या उंबऱ्यावर जाऊन उभे राहिले. मापाचा नियम त्यांनी स्वतःच मला सांगितला होता. पुढचे सगळे बाजार मम्मी त्या स्टुलावर बसल्या. एवढा पहारा सोनाराच्या दुकानालाही नसेल.

लग्न जवळ आलं. मम्मींनीच तोड काढली: मार्थाबाईंना मी त्या दिवशी मेळाव्याच्या भांड्यांसाठी धुळ्याला पाठवते, कोणाला कळणार नाही. शर्मिलाला ते पटलं, मलाही पटलं. आम्ही तिघी मार्थाबाईंकडे बघत होतो.

मार्थाबाई बाकावर बसल्या होत्या. मांडीवर तो चाळणी झालेला ब्लाउज. "मनी पोरनं लगीन शे," त्या म्हणाल्या. "चोरीनं काम नही."

"मार्था, खोली जाईल," मम्मी म्हणाल्या.

"जाऊ द्या. इथं पडद्यामागे बसले तेवढं पुरे झालं. लग्नात मी पुढच्या बाकावर बसणार. पप्पांना मी आज सांगते, तोंडावर."

आणि सांगितलं. पप्पांनी म्हणे बराच वेळ समजावलं, मग आवाज चढवला, मग बायबल काढलं. मार्थाबाई म्हणाल्या, मी पण रोज वाचते पप्पा, आणि लग्नाला गेल्या.

त्यांच्यासाठी मी नवं कापड घेतलं, जुन्याला आता सुई सोसवत नव्हती. शर्मिलानं अबोली साडी आणली होती. मार्थाबाईंनी ती हात फिरवून बाजूला ठेवली. "माले पांढरंच आवडस. कोणी सांगितलं म्हणून नाही."

"बाही किती ठेवू?" मी विचारलं.

हा प्रश्न त्यांना कोणी कधी विचारला नसावा. त्यांनी हात लांब केला, वाकवला, पुन्हा लांब केला. मग कोपराच्या वर एका जागी बोट टेकवलं. "इथं."

तो ब्लाउज मी एका बैठकीत शिवला. धुळ्याच्या जुन्या चर्चमध्ये झेंडूच्या माळा होत्या, दारात बँड होता, शर्मिलाच्या हातांवर कोपरापर्यंत मेंदी होती आणि पुढच्या बाकावर मार्थाबाई होत्या. मी मागे बसून त्यांचा मुंढा बघत होते. हात वर करून त्यांनी पोरीच्या डोक्यावर ठेवला, तेव्हा पाठीवर एक सुरकुती पडली नाही. माझ्या शेजारच्या बाईला वाटलं मी नवरीकडे बघून रडतेय.

आता पुढचं थोडक्यात. मार्थाबाईंची खोली गेली नाही. त्या आजही तिथंच स्वयंपाक करतात, आणि महिन्यातून दोनदा उघडपणे धुळ्याला लेकीकडे जातात. पप्पा आहेत, उपासना आहे, मेळावेही होतात. पण शिस्तीखाली ठेवायचा हुकूम त्यानंतर निघाला नाही. मम्मींची मुलगी पुण्याहून नाताळाला आली, असं मम्मींनी मला सांगितलं आणि तिच्यासाठी ड्रेसचं कापड दिलं. मला एकच वाईट वाटतं. शर्मिलाच्या आधी एक गोरीपान पोरगी शिस्तीखाली गेली होती आणि माझ्याकडे यायची बंद झाली, तेव्हा मी गिऱ्हाईक कमी झालं एवढंच म्हटलं होतं.

हे सगळं कशामुळे फिरलं ते मला मार्थाबाईंनी लग्नानंतरच्या बाजाराला सांगितलं. बाकावर बसून, शेजारी शर्मिलाला घेऊन, पडदा उघडा ठेवून.

लग्नानंतरच्या रविवारी पप्पांनी भर उपासनेत जाहीर केलं, आजपासून मार्था शिस्तीखाली, तिच्याशी कोणीही एक शब्द बोलायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रार्थना झाली. रविवारी सगळी मंडळी आवारातच जेवते, म्हणून सगळे ताटं घेऊन रांगेत उभे राहिले. आणि पातेल्यांच्या मागे, हातात पळी घेऊन, मार्थाबाई.

रांगेत पहिले यशवंतभाऊ. त्यांनी ताट पुढे केलं.

"काय वाढू?" मार्थाबाईंनी विचारलं.

यशवंतभाऊ गप्प. त्यांनी भाताकडे बोट केलं.

"बोटं माले समजत नही, भाऊ. सांगा."

यशवंतभाऊ मागे बघायला लागले. मागचा त्याच्या मागच्याकडे बघायला लागला. रांग हलेना. भाताची वाफ कमी व्हायला लागली. शेवटी वसतिगृहातली मुलं कंटाळली. सगळ्यांत बारकी पोरगी रांगेतून पुढे घुसली आणि ओरडली, "मावशी, माले वरण." तिच्या पाठोपाठ सगळी मुलं मावशी मावशी करत आली. मग एक बाई हळूच म्हणाली, "मार्थाबाई, भाकर द्या." मग दुसरी. मग यशवंतभाऊ, कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "भात. थोडा."

"पप्पांचं ताट कोण घेऊन गेलं?" मी विचारलं. त्यांचं ताट रोज त्यांच्या खोलीत जायचं, हे मला ठाऊक होतं.

"तेच तर," मार्थाबाई म्हणाल्या. "मम्मी त्यांना म्हणाल्या, आज तुम्हीच जा."

पप्पा आले. सगळी मंडळी जेवता जेवता थांबली. एवढा मोठा माणूस, हातात रिकामं ताट. मार्थाबाईंनी विचारलं, काय वाढू. ते ताटाकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "मार्थाबाई, वरण आहे का?"

"वाढलं मग?" मी विचारलं.

"वाढलं ना. भुकेल्या माणसाला मी उभं ठेवत नाही. दोन पळ्या वाढलं. मग विचारलं, पप्पा, मीठ बरोबर शे का? आणि त्यांनी चाखेपर्यंत पुढच्याला वाढलं नाही."

"काय म्हणाले?"

मार्थाबाई लेकीकडे बघून हसल्या. "बरोबर शे म्हणे."